सोलापुरातून आंतरराष्ट्रीय युवा पुरस्कार पूर्ण करताना: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

नववीत गेलेल्या मुलामुलींचे पालक जून महिन्यात भेटतात, तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो की या पुरस्कारासाठी कोणती परीक्षा द्यावी लागते आणि किती जणांतून निवड होते. परीक्षा नाही आणि निवडही नाही, हे ऐकून अनेकांचा उत्साह मावळतो, कारण पुरस्कार म्हणजे कोणाला तरी मागे टाकून मिळवायची गोष्ट अशी आपली सवय झालेली आहे. येथे विद्यार्थी स्वतःचे ध्येय स्वतः ठरवतो, ठरलेला काळ दर आठवड्याला थोडे थोडे काम करतो, त्याची नोंद ठेवतो आणि ध्येय गाठले की त्याला पुरस्कार मिळतो. वर्गातील चाळीस जणांनी काम पूर्ण केले तर चाळीसही जणांना तो मिळतो.

जगात हा उपक्रम द ड्यूक ऑफ एडिनबर्ग्ज इंटरनॅशनल अवॉर्ड या नावाने चालतो आणि भारतात तो इंटरनॅशनल अवॉर्ड फॉर यंग पीपल या नावाने ओळखला जातो. १९५६ मध्ये ब्रिटनमध्ये प्रिन्स फिलिप यांनी त्याची सुरुवात केली. त्यामागची मूळ कल्पना त्यांचे शिक्षक कर्ट हान यांची होती आणि पहिल्या काळात त्याची धुरा जॉन हंट यांनी वाहिली, म्हणजे १९५३ मध्ये एव्हरेस्ट सर करणाऱ्या मोहिमेचे जे नेते होते तेच. साहसी प्रवासाला या पुरस्कारात इतके महत्त्व का आहे, हे त्यावरून कळते.

वयाची मर्यादा १४ ते २४ वर्षे अशी आहे. कांस्य स्तर १४ व्या वर्षी, रौप्य १५ व्या आणि सुवर्ण १६ व्या वर्षी सुरू करता येतो, आणि कोणताही स्तर असला तरी वयाची २५ वर्षे पूर्ण होण्याआधी सर्व काम संपलेले असावे लागते. प्रत्येक स्तरावर चार विभाग असतात: सेवा, कौशल्य, शारीरिक व्यायाम आणि साहसी प्रवास. सुवर्ण स्तरावर याशिवाय निवासी प्रकल्प हा पाचवा भाग असतो.

काळाचा हिशेब सुरुवातीलाच नीट समजून घ्यावा, कारण सर्वाधिक गोंधळ येथेच होतो. कांस्य स्तरासाठी सेवा, कौशल्य आणि व्यायाम प्रत्येकी किमान ३ महिने करायचे असतात आणि त्यांपैकी आपल्या आवडीचा कोणताही एक विभाग आणखी ३ महिने चालवायचा असतो, त्यामुळे कांस्य सहा महिन्यांच्या आत पूर्ण होत नाही. रौप्यसाठी हे तीनही विभाग प्रत्येकी ६ महिने आणि सुवर्णसाठी प्रत्येकी १२ महिने करावे लागतात. आधीचा स्तर न करता थेट रौप्य किंवा सुवर्णला प्रवेश घेणाऱ्याने एक विभाग आणखी ६ महिने करायचा असतो. तीनही विभाग एकाच वेळी चालवता येतात, आणि प्रत्येकासाठी आठवड्याला सरासरी एक तास अपेक्षित असतो. म्हणजे तिन्ही मिळून आठवड्याला साधारण तीन तास, इतकाच हा भार आहे. मात्र तो दर आठवड्याला उचलावा लागतो. दिवाळीच्या सुट्टीत रोज पाच तास काम करून तीन महिन्यांचे तास भरून काढले, तर ते तीन महिने मानले जात नाहीत.

सुरुवात केव्हा करावी

माझे मत स्पष्ट आहे: कांस्य नववीच्या जूनमध्ये सुरू करावे. जून ते डिसेंबर या काळात तीन विभाग आणि प्रवास आरामात होतात, एखादा महिना आजारपणात गेला तरी मार्चपर्यंत हाताशी वेळ उरतो आणि दहावीचे वर्ष मोकळे राहते. दहावीच्या दिवाळीनंतर सुरू केलेले काम पूर्वपरीक्षेच्या तोंडावर अर्धवट सुटलेले मी अनेकदा पाहिले आहे, आणि त्यात मुलांचा दोष नसतो. सुवर्णसाठी बारावीनंतरचा पहिला जून उत्तम, कारण महाविद्यालयाच्या पहिल्या दोन वर्षांत दीड वर्षाचा सलग काळ सहज मिळतो.

नोंदणी पुरस्कार केंद्र म्हणून मान्यता मिळालेल्या शाळेमार्फत, महाविद्यालयामार्फत किंवा संस्थेमार्फत होते. आपली शाळा केंद्र आहे का, हे मुख्याध्यापकांकडे विचारावे, आणि नसल्यास राष्ट्रीय कार्यालयाच्या संकेतस्थळावरून आपल्याला सामावून घेईल असे केंद्र शोधावे. नोंदणी शुल्क भरल्यावर आणि अठरा वर्षांखालील विद्यार्थ्याच्या पालकांनी संमती दिल्यावर ऑनलाइन रेकॉर्ड बुकमध्ये खाते उघडते. नोंदणीआधी केलेले काम धरले जाईल असे गृहीत धरू नये.

यानंतर तीन प्रकारची माणसे आपल्या कामाशी जोडली जातात. अवॉर्ड लीडर हा केंद्रातील मार्गदर्शक असतो, तो आपली निवड तपासून मंजूर करतो. असेसर म्हणजे त्या त्या विषयातील जाणकार, जो काम पाहतो आणि शेवटी अभिप्राय लिहितो. साहसी प्रवासासाठी सुरक्षेची जबाबदारी घेणारा सुपरवायझर वेगळा असतो. असेसर आपल्या घरातील नसावा. काका तबला उत्तम वाजवत असले तरी त्यांच्याकडून शिकावे आणि अभिप्राय दुसऱ्या जाणकाराकडून घ्यावा.

सेवा

सेवा म्हणजे स्वेच्छेने, मोबदला न घेता, समाजाच्या उपयोगाचे नियमित काम. घरातील कामे, नातेवाइकांच्या दुकानातील मदत आणि शाळेने सक्तीने करून घेतलेली स्वच्छता मोहीम यांत बसत नाही. सोलापुरात मुलांना सर्वप्रथम सुचते ती सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेतील सेवा. संक्रांतीच्या त्या दिवसांत गर्दी आवरणे, हरवलेल्या लहान मुलांना मदत केंद्रापर्यंत पोहोचवणे, पाणी वाटणे ही कामे मोलाची आहेत आणि ती जरूर करावीत, परंतु चार दिवसांचे काम तीन महिन्यांच्या सेवेची जागा घेऊ शकत नाही. यात्रेची आवड असेल तर सिद्धेश्वर तलावाच्या काठावरील स्वच्छतेचे काम दर रविवारी करणाऱ्या गटाला जोडून घ्यावे आणि यात्रेचे दिवस हा त्या सेवेचा एक भाग मानावा.

शहरात करण्यासारखे पुष्कळ आहे. विडी कामगारांच्या वसाहतींत अशी अनेक घरे आहेत, जिथे आई दिवसभर विड्या वळते आणि पहिली-दुसरीतल्या मुलाला वाचून दाखवायला कोणाला सवड नसते. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारे मूल मराठी शाळेत पहिल्या वर्षी गप्प बसते, तेव्हा आठवड्यातून एक तास त्याच्या शेजारी बसून बडबडगीते म्हणणारी ताई त्याच्या फार उपयोगाची असते. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तके ध्वनिमुद्रित करणे, वाचनालयात पुस्तकांची लेबले बदलणे, रुग्णालयात केसपेपर काढण्याच्या रांगेत वृद्धांना मदत करणे, यांपैकी काहीही चालते. निवड करताना एकच कसोटी लावावी: हे काम मी एखाद्या आठवड्यात केले नाही, तर कोणाची गैरसोय होईल का? होणार असेल तर सेवा योग्य निवडली आहे.

येथे एक अनुभव सांगतो. एका मुलीने वस्तीतील मुलांना सात महिने शिकवले, एकही शनिवार चुकवला नाही. ज्या बाईंच्या देखरेखीखाली ती शिकवत होती त्यांची बदली झाली, आणि मुलीने नोंदी शेवटी एकदम भरायच्या ठरवल्या असल्यामुळे तिच्या कामाची एकही तारीख कोठे लिहिलेली नव्हती. तिला काम पुन्हा पहिल्या आठवड्यापासून सुरू करावे लागले. तिने ते केलेही, पण तिचा रडवेला चेहरा आठवला की मी आजही प्रत्येक नव्या गटाला पहिल्याच दिवशी सांगतो की शनिवारी घरी आल्यावर जेवणाच्या ताटावर बसण्याआधी दोन ओळी लिहा. काय केले, किती वेळ, काय अडले, इतके पुरे. 'आज शिकवले' असे लिहू नये. 'आज जोडाक्षरे घेतली, तिघांना जमली, एक जण अजून रफार उलटा काढतो' असे लिहावे. महिन्यातून एकदा असेसरला नोंदी दाखवाव्यात, म्हणजे मधेच माणूस बदलला तरी काम सुरक्षित राहते.

कौशल्य

कौशल्य कोणतेही चालते, अट इतकीच की तीन महिन्यांनंतर प्रगती दिसली पाहिजे. म्हणून ध्येय मोघम असू नये. आपल्या शहरातले उदाहरण घेऊ. चादर आणि टॉवेल यांमुळे सोलापूरचे नाव सर्वत्र गेले, पण आज बहुतेक उत्पादन यंत्रमागावर होते आणि हातमाग मोजकेच उरले आहेत. एखाद्या ज्येष्ठ विणकराने शिकवायला होकार दिला, तर 'विणकाम शिकणे' हे ध्येय लिहू नये. पहिल्या महिन्यात तुटलेला ताणा, म्हणजे उभा धागा, ओळखून गाठ मारता येणे, दुसऱ्या महिन्यात पायाची पट्टी दाबणे आणि धोटा (आडवा धागा नेणारी नळी) फेकणे यांचा मेळ बसवणे, तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस दोन्ही किनारी सरळ असलेला एक हातरुमाल स्वतः विणणे, असे लिहावे. किनार हीच खरी परीक्षा असते. नवशिक्याचा हात बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा कधी जास्त ओढतो तर कधी सैल सोडतो, आणि कापडाची कड नागमोडी होते. पहिल्या आठवड्यातील नागमोडी पट्टी आणि बाराव्या आठवड्यातील सरळ पट्टी शेजारी ठेवून छायाचित्र घेतले, की असेसरला वेगळा पुरावा लागत नाही.

ज्यांना माग मिळणार नाही त्यांनी तेलुगू लिपी, हार्मोनियम, संगणकाची भाषा, दुचाकीची दुरुस्ती किंवा स्वयंपाक यांपैकी काही निवडावे. खेळाशी संबंधित विषयांत थोडी सावधगिरी हवी: क्रिकेट खेळणे हा व्यायाम आहे, परंतु पंचगिरी किंवा धावफलक लिहायला शिकणे हे कौशल्य आहे.

व्यायाम

हा विभाग सर्वांत सोपा आहे, म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होते. पोहणे, कबड्डी, तालमीतील कुस्ती, योगासने, धावणे, सायकल, काहीही निवडावे आणि आजची आपली क्षमता पहिल्या दिवशी मोजून ठेवावी. पहिल्या आठवड्यात मैदानाच्या किती फेऱ्या न थांबता होतात, हे लिहिलेले नसेल तर शेवटच्या आठवड्यातील प्रगती दाखवता येत नाही. पुढे चालत प्रवास करायचा असेल तर चालणे किंवा धावणेच निवडावे, असा माझा सल्ला आहे. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत व्यायाम उरकावा.

साहसी प्रवास

या विभागाला मी जास्त जागा देत आहे, कारण पालकांची काळजी आणि मुलांची चूक या दोन्ही गोष्टी येथेच एकवटतात. कांस्यसाठी २ दिवस आणि १ रात्र, रौप्यसाठी ३ दिवस आणि २ रात्री, सुवर्णसाठी ४ दिवस आणि ३ रात्री असा प्रवास करायचा असतो. दिवसाला अनुक्रमे किमान ६, ७ आणि ८ तास उद्देशपूर्ण प्रयत्न अपेक्षित असतो. त्यात चालण्याबरोबर निरीक्षण, नकाशावाचन आणि नोंदी यांचाही समावेश होतो, मात्र झोप आणि जेवण धरले जात नाही. गट ४ ते ७ जणांचा असतो, मोटारीचे वाहन वापरायचे नसते, प्रवासाला ठरवलेला एक उद्देश असतो आणि मुख्य प्रवासाआधी प्रशिक्षण व सराव प्रवास करावाच लागतो.

आपल्याकडे एक प्रश्न हमखास विचारला जातो. कोजागरीला सोलापुरातून असंख्य लोक तुळजापूरला चालत जातात, काही घरांतील मुलांनी आषाढी वारीतही पावले टाकलेली असतात, मग तो प्रवास धरता येईल का? तो धरता येत नाही, आणि कारण समजून घेण्यासारखे आहे. त्या वाटेवर अन्नदान असते, पाणी असते, पुढे चालणाऱ्या हजारो लोकांमागे जायचे असल्यामुळे वाट शोधावी लागत नाही. पुरस्काराच्या प्रवासात वाट गटाने आखायची असते, अन्न पाठीवर न्यायचे असते आणि निर्णय चुकला तर तो आपापसांत बोलून गटानेच सुधारायचा असतो. पण ज्याने एकदा तुळजापूर चालत गाठले आहे, त्याला पायाला फोड कोठे येतो आणि नवी चप्पल का घालू नये हे पक्के ठाऊक असते, त्यामुळे असा मुलगा गटात असणे ही मोठी जमेची बाजू आहे.

सह्याद्री येथून दूर आहे, म्हणून साहस आपल्याकडे होणार नाही असे समजू नये. सोलापूरच्या माळरानाची स्वतःची परीक्षा आहे. हिप्परगा तलावाच्या परिसरात पाणी आणि पक्षी यांचा अभ्यास करता येतो. नान्नजच्या माळढोक अभयारण्याजवळच्या गावांतून चालत गवताळ माळ आणि शेती यांच्या संबंधाचा अभ्यास करता येतो, मात्र अभयारण्यात वन विभागाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नये. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बांधलेला बंधारा आणि त्याच्या पोटातील पाणीमहाल आहे, त्यामुळे 'जुन्या जलव्यवस्था' हा उद्देश ठेवून रौप्यचा प्रवास उत्तम आखता येतो. कोणताही मार्ग घेतला तरी महामार्ग पूर्ण टाळावा आणि गावांना जोडणारे रस्ते व पाणंद वाटा निवडाव्यात.

ऋतूची निवड नोव्हेंबर ते जानेवारी अशीच ठेवावी. पावसाळ्यात काळी माती बुटाला अशी धरते की दहा पावलांत प्रत्येक पायाला विटेएवढा गोळा लागतो आणि अर्ध्या तासात पिंढऱ्या भरून येतात. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा हा विचारच करू नये. हिवाळ्यात गवत वाळून कुसळे मोज्यांत शिरतात, म्हणून गुळगुळीत कापडाची पूर्ण लांबीची विजार घालावी. सायकलने जाणाऱ्यांनी पंक्चर काढण्याचे साहित्य आणि जास्तीची ट्यूब न्यावी, कारण बाभळीचा काटा टायरमधून आरपार जातो.

पाण्याबाबत मी स्वतः केलेली चूक सांगणे मला आवश्यक वाटते. एका सराव प्रवासाला आम्ही फेब्रुवारीच्या अखेरीस निघालो. वाटेत तीन विहिरी आहेत हे नकाशावर पाहून मी प्रत्येकी दोन लिटर पाणी पुरेल असे मुलांना सांगितले. पहिली विहीर कोरडी निघाली. दुसऱ्या विहिरीला पाणी होते, पण ते खोल होते, मोटार होती आणि वीज नव्हती. दुपारी दीड वाजता सात मुलांमध्ये एक बाटली उरली होती. शेवटी ज्वारीची राखण करणाऱ्या एका आजोबांनी आपली कळशी आमच्यासमोर ठेवली आणि आम्ही तेथूनच मागे फिरलो. तेव्हापासून नियम असा आहे की प्रत्येकाने किमान चार लिटर पाणी पाठीवर घ्यायचे, आणि विहीर नकाशावर दिसली तरी आठवडाभर आधी कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन पाहून यायचे.

खाण्याबाबत मात्र आपण भाग्यवान आहोत. कडक भाकरी हे प्रवासासाठीच जन्मलेले अन्न वाटावे इतके सोयीचे आहे: पापडासारखी पातळ, पूर्ण वाळलेली, आठवडे टिकणारी आणि वजनाला हलकी. ती पिशवीत टाकली तर तिचा चुरा होतो, म्हणून गोल डब्यात कपड्यात गुंडाळून ठेवावी. शेंगा चटणी आणि गूळ सोबत असला की दुपारचे जेवण न पेटवता होते. दिवसातून एक वेळ तरी गटाने स्वतः शिजवून पोटभर जेवावे, त्यासाठी पिठले किंवा मूगडाळीची खिचडी पुरेशी आहे. स्टोव्ह वाळलेल्या गवतापासून दूर, साफ केलेल्या जमिनीवरच पेटवावा.

मुक्कामासाठी तंबू वापरावा, आणि जागा ज्याची असेल त्या शेतकऱ्याची किंवा ग्रामपंचायतीची लेखी परवानगी आधी घ्यावी. गावातील पोलीस पाटलांना कळवून ठेवावे. रात्री बॅटरीशिवाय तंबूबाहेर पाय टाकू नये आणि सकाळी बूट झटकूनच घालावेत. सर्पदंश झाल्यास चिरा देणे किंवा घट्ट बांधणे असले उपाय न करता, रुग्णाला न चालवता, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवून थेट रुग्णालय गाठावे. सुपरवायझर गटाबरोबर चालत नाही, तो ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या वेळी भेटतो, ही गोष्ट पालकांना सभेत नीट समजावून सांगावी. मुलींच्या गटाबरोबर महिला सुपरवायझर असावी, असा माझा आग्रह असतो. त्यामुळे ज्या घरांनी आधी नकार दिला होता, त्यांनीही पुढे परवानगी दिली आहे.

नकाशावाचन घरी बसून येत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा घ्यावा, होकायंत्र घ्यावे आणि सरावाआधी दोन रविवार शहराबाहेर जाऊन ते वापरावे. आपला प्रदेश सपाट असल्याने समोच्च रेषा फार मदत करत नाहीत, म्हणून ओढे, तलाव आणि रेल्वेमार्ग यांवरून दिशा पक्की करण्याची सवय लावावी. मोबाइल संकटकाळासाठी बंद करून पिशवीत ठेवावा. प्रवासानंतर गटाने अहवाल सादर करायचा असतो. तो लेख, चित्रे, चित्रफीत अशा कोणत्याही स्वरूपात चालतो. अहवालाची एक प्रत मुक्काम केलेल्या गावातील शाळेला नेऊन द्यावी, असे मी प्रत्येक गटाला सुचवतो.

सुवर्णचा निवासी प्रकल्प

या भागात घरापासून दूर, एरवी आपल्यासोबत नसणाऱ्या माणसांबरोबर सलग ५ दिवस आणि ४ रात्री राहून एखाद्या समान उद्देशाने काम करायचे असते. मित्रांचा गट घेऊन गेले तर हेतूच हरवतो, म्हणून एकट्याने जावे. आनंदवनाच्या परिवारातर्फे चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथ येथे उन्हाळ्यात भरणारी श्रमसंस्कार छावणी हे महाराष्ट्रातील मुलांसाठी चांगले उदाहरण आहे. अशा कोणत्याही शिबिराचा अर्ज भरण्यापूर्वी त्याचे स्वरूप अवॉर्ड लीडरला दाखवून मंजुरी घ्यावी, आणि परतण्यापूर्वी शिबिराच्या जबाबदार व्यक्तीकडून अभिप्राय लिहून घ्यावा, कारण घरी आल्यावर तो मिळवणे कठीण जाते.

सर्व विभाग संपल्यावर रेकॉर्ड बुक उघडून प्रत्येक विभागाची पहिली आणि शेवटची तारीख कागदावर लिहून काढावी आणि मधले महिने बोटांवर मोजावेत. १० जुलैला सुरू झालेले काम ३० सप्टेंबरला थांबले असेल, तर ते तीन महिने झालेले नाहीत. आणखी दोन आठवडे काम करून मगच असेसरला अभिप्राय मागावा. अभिप्राय आले, प्रवासाचा अहवाल जोडला गेला, की नोंद अवॉर्ड लीडरकडे मंजुरीसाठी पाठवावी. तेथून एखादी नोंद दुरुस्तीसाठी परत आली तर घाबरून जाऊ नये. बहुतेक वेळा एखादी तारीख किंवा असेसरचा अभिप्राय राहिलेला असतो, आणि तो भरून ती पुन्हा पाठवता येते.